भडगावचे रुमणेवाले आबा

भडगावच्या आबांकडे कुणीही गेलं की ते आधी त्याचा हात बघत, तोंडाकडे नंतर. समोरच्याचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, उलटासुलटा करायचे, बोटं मिटवून पाहायचे आणि मग म्हणायचे, "बठ भाऊ. काय काम शे?" मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा हात गार पडला होता. त्यांनी तो सोडलाच नाही. "घाबरेल शे तू," म्हणाले. "पहिले पानी पी."

आबा जातीनं आणि कामानं सुतार. गिरणा नदीच्या अंगाला त्यांचं छपराचं घर होतं. नांगराचं रुमणं, म्हणजे शेतकरी दिवसभर मुठीत धरून चालतो तो दांडा, त्यांच्यासारखा कुणी करत नसे, म्हणून ते रुमणेवाले. बाकीचे सुतार एका मापाची रुमणी करून ठेवत. आबा मात्र गिऱ्हाइकाच्या हातात ओल्या मातीचा गोळा देत आणि सांगत, "दाब." त्या गोळ्यावर उमटलेल्या बोटांबरहुकूम ते लाकूड कोरायचे. वाळलेले गोळे भिंतीवरच्या फळीवर ओळीनं मांडलेले असत. कशावरही नाव नाही. मी विचारलं तर म्हणाले, "नाव मी इसरस. हात नही इसरस."

गावातल्या एकाची दोन बोटं यंत्रात गेली होती. नांगर सुटला म्हणून तो घरी बसला होता. आबा आपणहून त्याच्या घरी गेले, उरलेल्या तीन बोटांचा गोळा दाबून आणला आणि त्याला तिरक्या खोबणीचं रुमणं करून दिलं. मी पाहिलं तेव्हा तो गडी नांगर हाकत होता.

मला त्यांच्याकडे जावं लागलं ते एका रिव्हॉल्व्हरच्या मुठीपायी.

तेव्हा मी धुळ्याकडच्या एका मामलेदार कचेरीत कारकून होतो. नोकरीला तीन वर्षं झाली होती, घरी आई आणि मी. परवान्याचं काम होईपर्यंत लोक आपली हत्यारं कचेरीत जमा करत, आणि त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे. धुळ्यातल्या एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांचं निशाणेबाजीचं रिव्हॉल्व्हर तिथे होतं. त्यांना सगळे साहेबच म्हणत. मध्ये त्यांचं मोठं आजारपण झालं, म्हणून हत्यार दीड वर्ष कपाटातच पडून राहिलं. परत घ्यायला आले तेव्हा त्यांनी ते हातात धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही मूठ माझी नाही. माझी खास करवून घेतलेली होती. कुणीतरी बदललीय."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. नोंदवहीत नुसतं 'मूठ लाकडी' एवढंच लिहिलेलं. मामलेदारांनी विचारलं, "साहेब, ती केली कुणी होती?" साहेबांना ठाऊक नव्हतं. एका मित्रानं त्यांच्याकडून मातीचा गोळा दाबून नेला होता आणि कुठूनशी मूठ करवून आणली होती. तो मित्र आता हयात नव्हता.

मामलेदार मला म्हणाले, "आठ दिवस देतो. बनवणारा शोधा. तो ही मूठ ओळखेल तर ठीक. नाहीतर मला वर लिहावं लागेल."

रिव्हॉल्व्हरची काढलेली मूठ कागदात गुंडाळून मी धुळ्यातले सुतार पालथे घातले. जळगावला एका बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्यानं तिच्यावरून नख फिरवलं. "मातीवरून कोरलेलं काम आहे हे. भडगावला जा, रुमणेवाले आबा विचारा."

तो माझा सहावा दिवस होता.

आबांनी मूठ हुंगली, अंगठ्यानं चोळली आणि म्हणाले, "हाई मूठ मनी शे." त्यांचीच मूठ! मी तिथेच जमिनीवर बसलो. त्यांनी फळीवरून चाचपत एक गोळा काढला आणि मुठीशेजारी धरला. बोटांच्या खळ्या, अंगठ्याची खोलगट जागा, करंगळीजवळचा उंचवटा, सगळं जसंच्या तसं.

"मग साहेबांना ती बसत का नाही?"

"ते त्यासना हातले इचारू," आबा म्हणाले आणि डोक्याला पागोटं गुंडाळून माझ्याबरोबर एस.टी.त बसले. मांडीवर वाळका गोळा, आणि ओल्या फडक्यात थोडी माती.

साहेबांच्या घरी त्यांनी नेहमीसारखा हात हातात घेतला. एकेक बोट मिटवून पाहिलं. शेवटची दोन बोटं अर्धीच मिटली. साहेब भिंतीकडे बघत राहिले.

आबा मला म्हणाले, "भाऊ, मले पानी आन." मी आत गेलो, पण ऐकू येत होतं.

"साहेब, मूठ तीच शे. आजारमा दोन बोटं थकी गयात."

साहेबांचा आवाज आला, "हातातला जोर गेलाय हे कळत होतं मला. मानायचं नव्हतं. आणि मी त्या पोरावर आळ घेतला."

"नवी मूठ करी देसू," आबा म्हणाले. "हाई माती दाबा."

मी पाणी घेऊन आलो तेव्हा साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी माझी माफी मागितली.

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते आठवले की मला दुसऱ्या दिवशीची कचेरी आठवते. साहेबांनी तक्रार मागे घेतल्याचं लिहून दिलं होतं, तरी मामलेदारांना आबांचा जबाब हवा होता. जबाब झाला, अंगठा लावायची वेळ आली. शाईत बुडवून आबांनी अंगठा टेकला. कागदावर नुसता काळा डाग. पुन्हा टेकवला, पुन्हा डागच. मामलेदारांनी तो अंगठा खिडकीच्या उजेडात धरला. आयुष्यभर लाकूड आणि कानस यांवर घासून त्याच्यावर एक रेघ उरली नव्हती.

"आबा, हा तर पुसून गेलाय."

"काममा झिजी गया, साहेब," आबा ओशाळून म्हणाले.

मामलेदार हसले. डागाखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'ठसा उमटत नाही. इसम माझ्यासमक्ष हजर आहे.' सही केली, फाईल बांधली आणि मला म्हणाले, "घरी जा आता."

आबांना गाडीत बसवून मी घरी आलो. आई दारातच उभी होती. तिनं विचारलं, "काय झालं रे?" मला नुसतं हसू येत होतं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, आत जाऊन दोन ताटं वाढली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा माझ्याबरोबर जेवायला बसली.