अकोल्याच्या कोल्ड स्टोरेजमधला डेडलॉक

माझं काम कॉम्प्युटरच्या पोटातलं आहे. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो सगळ्यात आतला भाग, ज्याला कर्नल म्हणतात, तिथे काही अडकलं की अख्खं यंत्र जागच्या जागी गोठतं. अशी गोठलेली यंत्रं मी सोडवते. अमरावतीत घरी बसून हे करता येतं. शेजाऱ्यांना वाटतं मी मोबाइल दुरुस्त करते. मीही त्यांना समजावत बसत नाही, त्यात वेळ जातो.

मागच्या उन्हाळ्यात अकोल्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये आम्ही बसवलेली पेटी अडकायला लागली. पेटी म्हणजे भिंतीवरचा छोटा कॉम्प्युटर. आतलं तापमान आणि दाराची उघडझाप बघून कॉम्प्रेसर चालू-बंद करायचा, एवढंच तिचं काम. ती नेमकी दुपारी अडके आणि कॉम्प्रेसर चालूच राही. आत लिंबं होती. लिंबाला गारवा हवा असतो, पण बेताचा. जास्त झाला की सालीवर तपकिरी डाग पडतात आणि व्यापारी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. एक थप्पी तशी गेली होतीच.

मालकाचा फोन आला. "मॅडम, उद्या संध्याकाळपर्यंत पाहा. नाई तं पेटी काढून तुमच्या हातात देतो. माह्या बापानं थर्मामीटरवर धंदा केला, मी बी करीन."

नोकरी सोडून मी हा पेट्यांचा उद्योग सुरू केला होता आणि आणखी काही कोल्डवाले या मालकाकडे बघून थांबले होते. ही पेटी भिंतीवरून उतरली असती तर बाकीच्या चढल्याच नसत्या.

काय झालं असेल याचा अंदाज होता. पेटीत एक काम तापमान सांभाळतं, दुसरं दार. दोघांना एकमेकांची माहिती लागते, म्हणून प्रत्येक माहितीवर एक लॉक असतं. ते ज्याच्याकडे, त्यानेच हात लावायचा. आता पहिल्याने तापमानाचं लॉक धरून दाराचं मागितलं आणि त्याच वेळी दुसऱ्याने दाराचं धरून तापमानाचं मागितलं, की दोघेही कायमचे उभे. हा डेडलॉक. इलाज सोपा आहे. सगळ्यांनी लॉक एकाच क्रमाने घ्यायचे. उलट्या क्रमाने कोण घेतंय हे शोधण्यात मात्र आयुष्य जातं. त्यासाठी कर्नलमध्ये एक तपासनीस चालू करता येतो. लॉकचा उलटा क्रम दिसला की यंत्र अडकायच्या आधीच तो बोंब मारतो. पण ती चुकीची वाट एकदा तरी कोणी चालून दाखवावी लागते. अमरावतीत मी तशाच दुसऱ्या पेटीला दाराऐवजी बटण लावून ते दिवसभर चालू-बंद केलं होतं. तपासनीस गप्प.

सकाळच्या एसटीने अकोल्याला गेले. पेटीत तपासनीस चालू केला, लॅपटॉप जोडला आणि बाहेरच्या पडवीत बसले. मालक, त्याची बायको, त्याचे म्हातारे वडील आणि हमाल असे सगळे माझ्याभोवती घाम पुसत अदबीने उभे. दुपार चढली तरी पेटी उत्तम चालली होती.

"आता तं चालून राहिली," मालक म्हणाला. "मंग तो तपासनीस राहू द्या न तसाच आत."

"तो दुरुस्त करत नाही, भाऊ. नुसता बघतो."

"कोणी बघते म्हणूनच सुधरली असन. आमच्या पोट्ट्यांचंही तसंच हाये."

मी विचारलं, दार किती वेळा उघडता?

"दार? सकाळी माल आत, संध्याकाळी बाहेर. बस."

त्याच्या बायकोने भिंतीकडे पाहिलं. म्हातारा खोकला. मला खोकल्याचा अर्थ लावता येत नाही, मी पुन्हा पडद्याकडे वळले.

तेवढ्यात पडवीतल्या कूलरमधलं पाणी संपलं. मालक खुणेने नको नको म्हणत असताना त्याच्या बायकोने माझा हात धरला. "ताई, चला आत. पाहुण्याले असं भाजत ठेवते का कोणी?"

तिने कोल्डचं जाड दार ओढलं. क्रेटच्या भिंतीमागे ऐसपैस सतरंजी अंथरलेली होती. तिच्यावर पत्त्यांचा कॅट. कोपऱ्यात म्हाताऱ्याची बाज. आणि खिळ्यांवर ओळीने स्वेटर. मे महिन्यातल्या अकोल्यात एवढे स्वेटर मी एकत्र कधी पाहिले नव्हते.

"रोज दुपारी येतो सगळे," मालक खाली बघत म्हणाला. "पानठेल्यावाला बी. आज तुमी हाय, तुमच्यासमोर कसं बसाव? म्हणून सकाळपासून बाहेर भाजून राहिलो."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. एक जण दार उघडून आत येणार, ते लागतं न लागतं तोच दुसरा ओढणार. पहिली उघडझाप हाताळून होण्याआधीच दुसरी. त्या प्रसंगासाठी पेटीत वेगळी वाट होती आणि शहाणी माणसं कोल्डचं दार असं उघडत नाहीत म्हणून ती कोणी तपासली नव्हती. लॉक उलट्या क्रमाने घेतले जात असणार ते तिथेच.

"आता रोज करता तसंच करा," मी म्हटलं.

कोणी हलेना. "मुद्दाम नाई जमत, मॅडम."

"पाहुणी बाई काम करून राहिली अन् आपण लोळाव, बरं दिसते का?" म्हातारा म्हणाला.

सगळ्यांच्या शिष्टाचारामुळे माझा बग लपून बसला होता. मी खिळ्यावरचा एक स्वेटर काढून घातला, लॅपटॉप क्रेटवर ठेवला आणि सतरंजीवर मांडी घालून म्हटलं, "पत्ते वाटा."

मग मात्र मंडळी सैल झाली. हमाल आले, पानठेल्यावाला आला.

"जागा हाये का?"

"हाये, हाये! दार लाव पहिले!"

"मांगून अजून हायेत न, बावा!"

"अबे गारवा चालला सारा!"

लॅपटॉपवर तपासनिसाने बोंब मारली. मी टाळी वाजवली. पानठेल्यावाल्याला वाटलं आपल्यामुळे मशीन बिघडली, तो बाहेर पळाला. दार उघडून.

दुरुस्ती म्हणजे प्रोग्रॅममधली एक ओळ उचलून दुसरीच्या वर ठेवणं, की लॉकचा क्रम सरळ. मालक खांद्यावरून बघत होता. "एवढंच? एवढ्यासाठी अमरावतीवरून आल्या?"

तपासनीस काढला, सुधारलेलं कर्नल पेटीत घातलं आणि सगळ्यांना दार छळायला सांगितलं. परवानगी मिळाल्यावर त्यांनी ते इतक्या निष्ठेने केलं की पानठेला संध्याकाळपर्यंत बंद राहिला. कॉम्प्रेसर वेळेवर थांबत होता, वेळेवर सुरू होत होता. पेटी भिंतीवरच राहिली.

मी मालकाला स्पष्ट सांगितलं, की पेटी आता अडकणार नाही, पण एवढं दार उघडल्यावर लिंबांना उष्मा लागणारच.

"म्हणजे सगळ्यायनं एकदमच आत जायचं अन् दार लावून घ्यायचं," तो म्हणाला.

तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. दार आतून उघडतं ना, एवढं मी तपासून घेतलं.

नाराज फक्त म्हातारा होता. "पयले मशीन अडकली का काय गारवा सुटे! बाई, तिले कधीमधी अडकवता येते का? रोज नाई म्हणत मी."

"नाही येत, बाबा."

"मंग दुरुस्त काय केलं?"

निघताना मालक दुसऱ्या कोल्डवाल्याशी फोनवर बोलत होता. "हाव, पेटी बढिया हाये, घेऊन टाक. पण बाई पाहाले येतीन तवा सतरंजी उचलू नको."