वरून सांभार

अपग्रेडचे पैसे कशाला, असं आजही कोणी विचारलं की मला समुद्रपुरातलं ते कृषी केंद्र आठवतं आणि कान तापतात.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. दुसऱ्या वर्षाला असताना त्या दुकानासाठी बिलं छापणारा प्रोग्राम लिहिला होता. दुकानदाराला आम्ही काकाजी म्हणायचो. बाबा बियाणं त्यांच्याकडूनच घेत. ठरलेले दीड हजार त्यांनी दिले, ते नाकारत नाही.

राग आहे तो पुढचा. आधी त्यांना बिलावर औषधाची मुदत छापून हवी झाली. मग गावागावांच्या गिऱ्हाइकांची यादी. दर वेळी मी हिंगणघाटचं कॉलेज बुडवून, फ्लॉपी डब्याच्या पिशवीत घालून एसटीने जायचे. बेरीज चुकली असती तर ती माझी चूक, त्यासाठी मी कितीही वेळा गेले असते. पण हे नवीन काम होतं, आणि ते मला सांगताच येत नव्हतं. काकाजी चहा पाजत, "घरचीच पोरगी" म्हणत. मला ते गोड वाटायचं.

तिसऱ्या वर्षी विक्रीकर जाऊन व्हॅट आला. मालामालाचा कर बदलला, बिलाचा नमुना बदलला. प्रोग्राम जवळजवळ पुन्हा लिहायचा होता. घरी कॉम्प्युटर नव्हता, एका क्लासमध्ये तासाचे पैसे भरून बसावं लागणार होतं. त्यात सरांनी बजावलेलं, आता एक दिवस जरी बुडाला तरी प्रोजेक्टवर सही नाही. सही नाही म्हणजे वर्ष गेलं.

रविवारी बाबांसोबत दुकानात गेले. चार गिऱ्हाइकं उभी होती. मी खाली बघत म्हटलं, "काकाजी, याचे सातशे रुपये होतीन."

"कायचे?"

"नवीन कामाचे."

"अवं, प्रोग्राम तूच बनवला ना? आता चालून नाई राह्यला, तर तूच नीट करशीन का नाई?"

"चालूनच राह्यला, काकाजी. कर बदलला."

ते गिऱ्हाइकांकडे वळले. "हिची माय बाजारात बसते. पावभर वांगे घेतले तरी सांभार वरून देते. पोरगी पाहा, सातशे मांगून राह्यली. लय शिकली."

सगळे हसले. मी बाबांकडे पाहिलं.

"करून दे ना, माय," बाबा मलाच म्हणाले. "काकाजी काई परके हायेत का?"

माय सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार काड्या फुकट देते त्या त्याच वेळी, त्याच टोपलीतल्या. पुढच्या बाजारी सुकलेली वांगी आणून 'ताजी करून दे' असं तिला कोणी म्हणत नाही. हे मला परतीच्या एसटीत सुचलं. दुकानात मी फक्त "नाई जमत" म्हटलं, आणि तेही इतकं हळू की दोनदा म्हणावं लागलं.

महिनाभर काकाजींनी हाताने बिलं केली. मग वर्ध्याहून एक जण आला, दोन हजार घेऊन गेला. काकाजींनी मुकाट दिले. तो पुरुष होता, त्याच्या खांद्याला बॅग होती, आणि त्याची माय कोणत्या बाजारात बसते ते कोणालाच माहीत नव्हतं.

पेरणीच्या आधी बाबा बियाणं घेऊन आले. पिशवी टेकवत मायला म्हणाले, "म्या काकाजीले म्हटलं, मांगच्या साली दोन थैल्या नेल्या तुमच्याकून. यंदाच्या वरून द्या."

"मंग?"

"म्हणे, हे नवीन बियाणं हाये, कंपनी मले फुकट देते का?"

माय हसली, बाबाही हसले. मला हसू आलं नाही. सही मिळाली होती, पासही झाले होते. पण हे बोलायची वेळ त्या रविवारी होती, त्या चार गिऱ्हाइकांसमोर. जेवताना मी बाबांना तसं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवून.

बाबांनी ताटाकडे पाहतच मान डोलावली. "हव," एवढंच म्हणाले.