ऐरोलीचा वॉल्व

निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला, जुन्या कंपनीच्या ग्रुपवर. ‘दामूकाका फिटर गेले.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. मीही हात जोडले आणि स्वतःचाच राग आला. एवढ्या माणसाला एवढंच?

पंपांची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत मी इंजिनिअर म्हणून लागले, तेव्हा बटरफ्लाय वॉल्व मला परीक्षेपुरता ठाऊक होता. मोरा गावच्या दामूकाकांनी तो हातात दिला. पाइपात गोल चकती, तिच्यातून गेलेला दांडा, वर हँडल. पाव फेरा दिला की चकती पाण्याला आडवी होते. उलटा दिला की धारेच्या रेषेत उभी राहते. टाक्यांच्या लाइनी, आग विझवायच्या लाइनी, मोठ्या एसींचं थंड पाणी... पाइप जाड आणि जागा कमी असली की हाच. मी एकदा हँडल खाडकन ओढलं, तर ओरडलेच. ‘हलू बंद कर, पोरी! पानी धावतंय, लाइन दनकंल.’

ऐरोलीतल्या एका सोसायटीत मी पहिला वॉल्व एकटीने बसवला. काका वरच्या टाकीवर होते. बोल्ट आवळताना चकती किंचित उघडी ठेवायची असते, हे त्यांनी दहादा बजावलं होतं. मी ती बंदच ठेवून बोल्ट आवळले. आतलं रबर दाबलं जाऊन चकतीला चावून बसलं, हँडल हलेना. दिवसभर सोसायटीत पाणी नाही. सेक्रेटरी आणि आमचे साहेब दोघेही तापलेले, माझी नोकरी अजून कच्ची. काका खाली आले, वॉल्व पाहिला, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘माजी चूक, साहेब.’

मी गप्प राहिले. पुढे नोकरी पक्की झाली, दुसरी मिळाली, आणि सांगायचं राहूनच गेलं... खरं म्हणजे धीर झाला नाही.

दहाव्याला मोऱ्याला गेले. काकी चहा देत म्हणाल्या, ‘उभ्या जल्मात यकच वॉल्व चुकला त्यांचा, ऐरोलीचा. लय चिडवायची मी त्यावरून.’

म्हणजे घरीसुद्धा त्यांनी सांगितलं नव्हतं. कप खाली ठेवून मी सगळं सांगून टाकलं. काकी पदराने डोळे पुसून म्हणाल्या, ‘आन् ह्यो मानूस नुसता हसायचा गो... जा, आता सगल्यांना सांग.’

म्हणून लिहिते आहे. ऐरोलीचा तो वॉल्व दामूकाकांनी नाही, मी बसवला होता.