एका व्यक्तीसाठी खोली

मी दुबईत टायपिस्ट होते, तेव्हाची ही गोष्ट. साठीचं दशक संपत आलं होतं. बुर दुबईतल्या एका शिपिंग एजन्सीत आम्ही दोघीच बायका. मी रत्नागिरीची, मॅट्रिक झालेली, दोन मुलांची आई. दुसरी मॅनेजरची इंग्रज सेक्रेटरी. सगळं ऑफिस तिला नुसतं ‘मिस’ म्हणायचं. आम्ही दोघीही सत्तावीस वर्षांच्या.

मार्चमध्ये तिनं कॅलेंडरवर जुलैच्या एका आठवड्याभोवती लाल रेघ मारली आणि एक पत्र टाइप करायला दिलं. इटलीत जिनोव्हाच्या पुढं समुद्रकाठी कुठलंसं लहान गाव होतं, तिथल्या हॉटेलला. ‘एका व्यक्तीसाठी खोली हवी. समुद्राकडे बाल्कनी असलेली.’

“सोबत कोण येणार?” मी विचारलं.

“कुणीच नाही. तीच तर गंमत! सकाळी पोहायचं, दुपारी झोपायचं, आठवडाभर कुणाशी बोलायचं नाही.”

मी हसले, पण आत काहीतरी चरचरलं. आमच्या दोन खोल्यांत हे, मुलं, दीर, शिवाय कोकणातून नोकरीसाठी आलेला कुणी ना कुणी पाहुणा. न्हाणीघरात जरा वेळ लागला की धाकटी दार बडवायची, “मम्मी, कम आउट!” मी समुद्रकाठीच जन्मले, पण एकटी अशी कधी समुद्रासमोर उभी राहिले नव्हते.

मिसचा बेत मात्र रोज वाढत होता. बैरूतहून रोमचं विमान, पुढे रेल्वे, पोहण्याचा नवा पोशाख. इटालियन वाक्यं पाठ करून ती मला म्हणून दाखवायची. मी “छान” म्हणायची आणि मनात म्हणायची, हिचं विमान चुकू दे.

एप्रिलच्या शेवटी हॉटेलचं उत्तर आलं. टपाल मीच उघडायची. बाल्कनीची खोली मिळत होती, पण दहा तारखेपर्यंत तार करायची होती. मी ते पत्र वाचलं, घडी केली आणि माझ्या खणात कार्बन पेपरांखाली सरकवलं. एक दिवस वाट बघू दे, एवढंच तेव्हा मनात होतं.

मिस रोज सकाळी विचारायची, “काही आलं?”

“नाही,” मी म्हणायची. ती हिरमुसली की मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

दहा तारीख उलटून गेली. त्यानंतर एका दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. “खलास,” ती म्हणाली. हा एक शब्द तिनं आमच्याकडूनच उचलला होता. “इटली राहू दे. आईकडे जाते. लग्न कधी करतेस, हे आठवडाभर ऐकेन.” बोलताना तिचे डोळे भरले.

मी खण उघडून पत्र तिच्या हातात दिलं. पत्रावरची तारीख वाचायला तिला वेळ लागला नाही.

“विसरलीस?”

हो म्हटलं असतं तर सुटले असते. “नाही,” मी म्हणाले. “लपवलं होतं. तू एकटी जाणार, हे मला सहन होत नव्हतं.”

ती तडक तार करायला गेली. बाल्कनीची खोली गेली होती. मागची, स्वयंपाकघराच्या अंगणाकडची मिळाली. ती गेली, परत आली ती उन्हानं तांबूस होऊन. त्या आठवड्याबद्दल माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. स्वतःचं टपाल मात्र स्वतः उघडू लागली. मॅनेजरला तिनं सांगितलं नाही, हे तिचे उपकारच.

ती तिकडे असताना एका शुक्रवारी मी ह्यांना म्हटलं, “मला जुमेराच्या किनाऱ्यावर सोडा. तासभर एकटीला बसायचंय.”

“एकटीला? अगं, कुणी काही बोललं का तुला?”

“कुणी नाही. नुसतं बसायचंय.”

हे मग मुलांना दिरांकडे देऊन मित्राची गाडी घेऊन आले. मला किनाऱ्यावर उतरवलं आणि लांब गाडीत पाठमोरे बसून राहिले. वाळू तापलेली, वारा दमट. मी चपला काढून पाण्यात पाय घातले. सुख झालं, नाही असं नाही. पण सारखं मनात येत होतं, मिस या घडीला तिथं काय करत असेल? तासाभरात वीस वेळा तरी आलं असेल.