ती गाठ समीक्षाची नव्हती

मे महिन्यातला शेवटचा रविवार. सिद्धेश्वर धरणाजवळ आमच्या मुलींच्या गाईड शिबिराचा समारोप होता. तीन दिवस मुली तंबूत राहिल्या होत्या आणि शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं... आई किंवा वडील, कोणी एकानं लेकीबरोबर दिवसभर सगळं करायचं.

माझी समीक्षा आता सातवीत आहे. मी वारंगा फाट्यावर ट्रकमध्ये माल भरून झाला की ताडपत्री ओढून दोर आवळायचं काम करतो. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळे तिच्या शाळेच्या कुठल्याही कार्यक्रमाला जायचं म्हटलं की मी आदल्या दिवसापासून धास्तावलेला असतो... शर्टाची बटणंसुद्धा दोनदा तपासतो.

सकाळ फार चांगली गेली. बिनभांड्याचा स्वयंपाक होता. पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यात भाजलेली वांगी तिनं मला सोलायला दिली. "पप्पा, आधी राख झटका!" म्हणून रागावलीसुद्धा...

नंतर दोन कडुलिंबांच्या मधे दोरांचा पूल बांधला. पाय ठेवायला खाली एक जाड दोर, धरायला वर दोन. उंची माणसाच्या छातीएवढी. डाव्या हाताच्या दोराची गाठ समीक्षाकडं होती. गाईडच्या मॅडमनी वहीत प्रत्येक गाठीपुढं मुलीचं नाव लिहिलं आणि बजावलं की दुसऱ्या कुणी त्या गाठीला हात लावायचा नाही.

सगळे चहाला गेले. मी पुलापाशीच थांबलो. मला तो दोर ढिला वाटत होता... एकदा पाहिला, परत पाहिला.

"ओ इंजिनिअर साहेब, पूल पास झाला का? चहा थंड होऊन राहिला!" एक पालक लांबून ओरडले. सगळे हसले. मीही हसलो, पण हात दोरावरून निघाला नाही.

मी समीक्षाची गाठ सोडली आणि माझी मारली, ट्रकवर मारतो ती. समीक्षा पळत आली. "पप्पा, मॅडमनी हात लावू नका म्हणलंय ना!"

"अगं, ट्रकभर हळद थांबते या गाठीवर. तू मला शिकवू नको."

ती मागं फिरली.

मला जे कळायला हवं होतं ते इतकंच... ट्रकवरचा माल दोर सतत ताणून धरतो, म्हणून ती गाठ टिकते. माल उतरवताना दोर सैल केला की ती एका झटक्यात सुटावी, म्हणूनच तशी मारतात. पुलाचा दोर प्रत्येक पावलाला ताणला जातो आणि सैल पडतो.

तीन मुली पार गेल्या. चौथी प्रज्ञा, समीक्षाची सगळ्यांत जवळची मैत्रीण. ती मधोमध आली आणि डावा दोर तिच्या हातात नुसताच आला... खाली दगड होता. डाव्या कोपराचं हाड मोडलं. ती ज्या आवाजात ओरडली तो आवाज मी इथं लिहू शकत नाही.

तिला आईबरोबर जीपमधून दवाखान्यात पाठवलं. मग मॅडमनी वही उघडली. "समीक्षा, ही गाठ तुझी?"

मी तिच्या शेजारीच उभा होतो. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. "हो मॅडम, माझी."

आता बोलतो, आता बोलतो, असं मी मनात म्हणत राहिलो... तेवढ्यात मॅडमनी तिचा गाईडचा स्कार्फ उतरवून घेतला. गाईडच्या पुढच्या परीक्षेला तिला पाठवणार नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलं. मी बोललो नाही.

गाडीवर परत येताना विचारलं, "खोटं काहून बोललीस?"

"तुमाला सगळे हसले असते." मग म्हणाली, "मला वाटलं, तुमी बोलताल."

शाळा सुरू झाली. प्रज्ञा आता समीक्षाला सोडून दुसऱ्या बाकावर बसते. परवा समीक्षाला आणायला गेलो तर गेटपाशी पोरींचं बोलणं कानावर आलं... "हिच्या हाताला धरू नका गं, पडताल." समीक्षा खाली मान घालून आली आणि गाडीवर बसली.

काल कुरुंद्याला प्रज्ञाच्या घरी गेलो. प्लास्टर निघालंय, पण तिचा हात अजून सरळ होत नाही. तिच्या आईला सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "इतके दिवस माझं लेकरू तुमच्या लेकराला नको ते बोलून राहिलं. आन् तुमी आता येऊन राहिले?"

"चुकलो, ताई."

"मला एकटीला सांगून काय होते भाऊ? जेवढ्या लोकांपुढं तुमच्या पोरीनं ऐकून घेतलं, तेवढ्यांपुढं सांगा."

प्रज्ञा दारात उभी राहून ऐकत होती. ती आत निघून गेली.

शिबिराला आलेले बहुतेक पालक या ग्रुपवर आहेत, मॅडमही आहेत. म्हणून इथं लिहितोय. समीक्षाची गाठ पक्की होती. ती मी सोडली, दुसरी मी बांधली, आणि प्रज्ञा माझ्यामुळं पडली. उद्या शाळेत जाऊन हेच तोंडानं सांगणार आहे.

पोस्ट टाकण्याआधी समीक्षाला वाचायला दिली. तिनं शेवटपर्यंत वाचली, "टाका" म्हणाली आणि अभ्यासाला बसली. तिनं मला माफ केलं का, हे विचारायची हिंमत झाली नाही...

प्रज्ञाच्या आईचे आभार. त्यांनी मला दारातून हाकललं नाही. ज्यांना मला काही बोलायचं असेल त्यांनी खाली लिहा, मी प्रत्येक शब्द वाचेन. समीक्षाला मात्र आता कुणी काही बोलू नका.