वरच्या खोलीतला आंबट वास

त्या मार्गशीर्षात माझे देवाशी बोलणे बंद होते. बोलणे बंद करण्यापूर्वी मी त्याला रीतसर पत्र लिहिले होते. न्यायालयाच्या कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरे काही सुचत नाही. जिने शेहेचाळीस वर्षे एकही सोमवार मोडला नाही, त्या माझ्या पत्नीला इतके वेदनेचे मरण कोणत्या कारणास्तव देण्यात आले, याचा खुलासा पंधरा दिवसांच्या आत करावा, असे त्यात स्पष्ट नमूद केले होते. पत्राची घडी देवघरातल्या टाकांखाली ठेवली. मुदत टळली. मी प्रकरण एकतर्फी निकाली काढले आणि दिवा लावणे थांबवले.

रुग्णालयात शुद्धीवर असताना ती शेवटचे जे बोलली ते असे होते: “येळवस चुकवू नगा. माझ्या माघारी आंबील थांबू देऊ नगा.” लातूरकडच्या वाचकांना येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, सांगावी लागत नाही. इतरांसाठी एवढेच लिहितो, की त्या दिवशी आमच्याकडे गावेच्या गावे शेतात जातात, कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करून तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात आणि आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील साऱ्या रानावर शिंपडतात. मग वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालतात. पहिले वर्ष दुखवट्याचे म्हणून सुटले. दुसऱ्या वर्षी आमचे देवणीकडचे शेत बटईने करणाऱ्या शिवाप्पाचा फोन आला.

“आबा, कोप बांधून ठेवलोय. पांडव रंगवलेत. आंबील तेवढी तुमच्या घरची यायची, दरसालासारखी.”

“माझ्या घरात आंबील करणारे कोणी उरलेले नाही,” मी म्हणालो. “विषय संपला.”

मी फोन ठेवला, पण त्या दिवसापासून घास गिळवेना. पत्नीच्या शब्दाचा भंग मी करत होतो आणि त्याचा दोष देवावर टाकत होतो, हे मला कळत नव्हते असे नाही.

लातूरला माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर शिकायला आलेल्या मुली राहतात. बहुतेक नायगाव, लोहा, मुखेडकडच्या. एक मात्र सुदानची. नाव आमना. ती इथे कृषी शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेते. परदेशी भाडेकरूची पोलिसांकडे करावयाची नोंद मी पहिल्याच दिवशी करून तिची पोच फाइलला लावली होती. मुलगी विलक्षण कुतूहलाची. सकाळी कोपऱ्यावरच्या गाड्यावर सुशीला खाऊन आली की जिन्यातूनच जाहीर करी, “काका, मुरमुऱ्याचा उपमा! लई भारी!” निलंगा राईसचा शोध लागला त्या दिवशी तिने चारही खोल्यांना तो खाऊ घातला. ठेच्याने तिच्या डोळ्यांत पाणी आणले, तरी दुसऱ्या दिवशी तिने तो पुन्हा मागितला. ज्वारीची भाकरी प्रथम खाल्ली तेव्हा मात्र ती तुकडा हातात धरून त्याचा वास घेत राहिली, असे मुली सांगत. ती मराठी या मुलींकडूनच शिकली, त्यामुळे तिच्या तोंडी आमच्या भागाचीच बोली होती. मला हे सारे आवडत असे. मी ते कधी दाखवले नाही.

अमावास्येच्या दोन दिवस आधी जिन्यात आंबट वास येऊ लागला. दुसऱ्या दिवशी तो वाढला. वास आमनाच्या खोलीतून येत होता. खोलीत काहीतरी आंबवले जात आहे म्हणजे दारू गाळण्याचा प्रकार आहे, असा निष्कर्ष मी काढला. करारनाम्यातील कलम सात त्याबाबत सुस्पष्ट आहे. मी इंग्रजीत नोटीस लिहिली: अठ्ठेचाळीस तासांत खोली रिकामी करावी. तीन प्रती काढल्या. एक तिला, एक महाविद्यालयाला, एक पोलीस ठाण्याला. इतक्या दिवसांत त्या एका कामात मला उत्साह वाटला, हे लिहिताना लाज वाटते.

अमावास्येच्या सकाळी इतर मुली आपापल्या गावी गेल्या होत्या. मी नोटीस घेऊन वर गेलो. बाकीच्या दोन प्रती धाडायच्या म्हणून खिशातच होत्या. आमनाने दार उघडले. तिचा चेहरा उतरलेला होता.

“काका, सगळे कुठं गेले? रस्त्यावर कुणीच न्हाई. दुकानं बंद. कर्फ्यू हाय का?”

तिच्या देशात युद्ध सुरू होते. रिकामा रस्ता तिला काय सांगत असेल, हा विचार माझ्या मनाला तेव्हा शिवलाही नाही. “हा वास कसला?” मी विचारले.

“दारू न्हाई काका!” माझ्या नजरेवरूनच तिने ओळखले. “ज्वारी हाय. तीन दिवस भिजतीय.”

तिने कोपऱ्यातल्या पातेल्यावरचे फडके दूर केले. पिठावर बुडबुडे आले होते. मी वाकलो आणि तो वास जवळून घेतला. खालच्या, आमच्या स्वयंपाकघराचा कोपरा. फडक्याने बांधलेले मडके. पदराला हात पुसत माझी पत्नी म्हणते आहे, “तिकडं पाय लावू नगा हो, आंबील घातलीया.”

शेहेचाळीस वर्षे हा वास माझ्या घरात दरवर्षी तीन दिवस राहत होता. मी मात्र ताक-लसूण घातलेली, तयार आंबील तेवढी ओळखत होतो. तिच्या कष्टाचा वास माझ्या नाकाने कधी जमेसच धरला नव्हता. त्यालाच मी दारू ठरवले आणि तीन प्रतींत लेखी दिले! मी उंबऱ्यावर बसलो.

“काका, बीपी? पाणी देऊ?” माझ्या हातून गळलेला कागद तिने उचलला, वाचला आणि नीट घडी घालून माझ्याजवळ ठेवला. “परीक्षा झाली की जाते काका. आता घर न्हाई माझं. आईचा फोन लागत न्हाई, लई दिवस झाले. म्हणून हे केलं. आमच्याकडं ह्याची पातळ रोटी करतात, किसरा. वास आला की आई घरात हाय असं वाटतं.”

 मी तिन्ही प्रती फाडल्या आणि विचारले, “यातले थोडे पीठ मला देशील का?”

पुढे काय करायचे हे दोघांनाही ठाऊक नव्हते. मी शिवाप्पाला फोन लावला. त्याच्या बायकोने फोन हिसकावून घेतला.

“आबा, इतकी वरसं वाटीनं पिलाव, अन् करायची कशी म्हाईत न्हाई व्हय? हं, आधी पाणी उकळू द्या!”

ती सांगत गेली, मी मोठ्याने उच्चारत गेलो, आमना ढवळत गेली. पत्नीचे रंगवलेले बिंदगे माळ्यावरून काढले आणि आंबील त्या मडक्यात भरली. गाडी ठरवून दुपारी शेतावर पोचलो. बांधावर उतरताच आमनाने बिंदगे उचलून डोक्यावर ठेवले आणि सहज चालू लागली. तिच्याकडे बायका असेच नेतात म्हणे. माझ्यातला कायदा तेव्हाही जागा झाला. मी शिवाप्पाला हळूच विचारले, “ही दुसऱ्या धर्माची. चालेल ना?”

तो म्हणाला, “आबा, आज वाटंनं जाणाऱ्याला हाका मारून जेवू घालतो आपण. ही तर आंबील घिऊन आली.”

कोपीसमोर बसून तिने विचारले, “हे पाच दगड कोण?”

“पांडव,” मी म्हणालो. “त्यांना घर सोडून रानात राहावे लागले होते.”

“मग परत गेले का घरी?”

“गेले.”

तिने आपल्या पानातला उंडा, बाजरीचा वाफवलेला गोळा, उचलला आणि त्या पाचांपुढे ठेवला. मग आम्ही आंबील शिंपडत शेताला फेरी घातली. परतल्यावर मी दोन वाट्या आंबील प्यालो आणि शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीबरोबर पोटभर जेवलो.

आमनाच्या आईचा फोन लागला, पण त्या दिवशी नव्हे. आणखी तीन आठवड्यांनी. त्याचा संबंध मी कशाशीही जोडत नाही. पीठ नेमके त्याच तीन दिवसांत का भिजले, याचाही पुरावा माझ्यापाशी नाही. मी खुलासा मागितला होता. तो आजही मिळालेला नाही आणि आता मी त्याचा तगादा लावत नाही. ज्याच्याशी मी बोलणे टाकले होते त्याने माझ्या पत्नीचा शब्द माझ्या हातून मोडू दिला नाही, एवढे मला पुरते.

त्या संध्याकाळी मी देवघरात दिवा लावला. टाकांखालचे पत्र काढले. लिहिलेल्या प्रत्येक पत्राची पोच मागण्याची माझी जन्माची सवय. पण आलेल्याची पोच आपणही द्यावयाची असते, हे विसरलो होतो. कोऱ्या उरलेल्या भागावर लिहिले, ‘आंबील मिळाली.’ खाली सही केली, तारीख घातली आणि पत्र होते तिथेच परत ठेवले.