इंडिकेटर आणि जोतिबाचं खोबरं

गाडी दुकानासमोर उभी होती आणि किल्ली ताईंच्या पर्समध्ये होती. ताईंचे वडील, डॉक्टर, बॉनेटला टेकून उभे होते. दोघं पेठ वडगावहून एकाच गाडीतून आले होते, पण चालवत ताई आल्या होत्या. डॉक्टरांना ते आवडलं नव्हतं, हे त्यांच्या टोपीवरूनच कळत होतं. एरवी ते दुकानात शिरताना टोपी काढून हातात घ्यायचे. त्या दिवशी डोक्यावरच राहू दिली.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. पंचक्रोशीतल्या म्हशी त्यांनी याच गाडीतून फिरून बऱ्या केल्या. गाडी जुनी, गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबाला असलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही. मी शाहूपुरीत ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. म्हणजे गाडीतलं जे पेटतं, वाजतं किंवा फिरतं आणि वायरवर चालतं, ते माझं काम. दुकान तात्यांचं आहे.

झालं होतं असं. आदल्या रविवारी डॉक्टरांनी उजवीकडं वळून घेतलं आणि उजवा इंडिकेटर तसाच चालू राहिला. तो तीन किलोमीटर लुकलुकत होता. मागून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल येत होती. तिच्यावरच्या माणसाला वाटलं, म्हातारा उजवीकडं वळणार, म्हणून त्यानं डावीकडून घातली. डॉक्टरांना नेमकं डावीकडं रसवंतीपाशी थांबायचं होतं. कॅन रस्त्यावर आडवे झाले, माणसाचं कोपर सोललं. जास्त काही झालं नाही. पण त्या संध्याकाळी ताईंनी किल्ली काढून घेतली.

ताईंचं म्हणणं साधं होतं. आप्पा इंडिकेटर बंद करायचा विसरले. आज इंडिकेटर विसरले, उद्या ब्रेक विसरतील. डॉक्टरांचं म्हणणं त्याहून साधं होतं. ह्या गाडीत इंडिकेटर बंद करावाच लागत नाही, स्टीअरिंग सरळ झालं की तो आपोआप जातो.

ताई मला म्हणाल्या, "तुम्ही एवढंच सांगा. ह्या गाडीत ते आपोआप जायचं काही आहे का? नसेल तर आप्पांची गाडी आजपासून बंद. असेल तर बघू."

मी तात्यांकडं बघितलं. तात्यांचं आयुष्य ट्रक आणि जीपमध्ये गेलेलं. त्यात इंडिकेटरचा लिव्हर हातानंच मागं घ्यायचा.

"आरं काहून, बझर लाव आन् मोकळा हो," तात्या म्हणाले. "इंडिकेटर चालू हाय तवर कोकलत बसंल. एवढ्या जुन्या गाडीत कुठलं आलंय आपोआप?"

काहून हे माझं दुकानातलं नाव. माझं घर गोंदिया जिल्ह्यात. आमच्याकडं 'का' असं विचारायचं तर 'काहून' म्हणतात. आठवीत शाळा सुटली तेव्हा मी बोअरवेलच्या गाडीवर लागलो. ती गाडी फिरत फिरत कोल्हापुरात आली आणि वायरिंग जळून तात्यांच्या दारात चार दिवस पडली. तात्या काम करत होते आणि मी शेजारी उभा राहून प्रत्येक वायरीला काहून काहून करत होतो. पाचव्या दिवशी बोअरची गाडी गेली, मी राहिलो. दुकानावरची खोली तात्यांनीच दिली. चौदा वर्षं झाली. त्यामुळं तात्यांचा शब्द मोडायला मला जड जातं. अजून जातं.

मी बझर आणायला आत वळलो. तेवढ्यात डॉक्टर बोलले, पण माझ्याशी नाही, बॉनेटशी बोलल्यासारखं.

"हॉर्न केल्यापास्नं बंद पडलंय. त्याच्या आदी टक् करून जायचं."

"आप्पा, हॉर्नचा आणि इंडिकेटरचा काय संबंध?" ताई म्हणाल्या. "काहीतरी आपलं."

संबंध होता. फक्त तो ताईंना माहीत नव्हता, आणि मला होता. दोन्ही कामं स्टीअरिंगच्या खांबात एकाच कव्हरखाली असतात. आणि तो हॉर्न मागं मीच दुरुस्त केला होता.

बझर तिथंच ठेवला आणि तात्यांना म्हणालो, एकदा उघडून बघतो. तात्यांनी पान लावायला घेतलं. म्हणजे नाही म्हणाले नाहीत.

आधी हे आपोआप जाणं काय असतं ते सांगतो. इंडिकेटरच्या लिव्हरजवळ स्प्रिंगवरचा एक छोटा दात असतो. मिस्त्री लोक त्याला कुत्रं म्हणतात. लिव्हर दाबला की कुत्रं तोंड पुढं काढतं. स्टीअरिंगच्या बुडाला एक उंचवटा असतो, तो स्टीअरिंगबरोबर फिरतो. तुम्ही वळता तेव्हा उंचवटा कुत्र्याला बाजूला सारून पुढं जातो. स्टीअरिंग सरळ व्हायला लागलं की तोच उंचवटा उलटा येतो, आता कुत्रं त्याला अडवतं, आणि त्या धक्क्यानं लिव्हर जागेवर येतो. तोच डॉक्टरांचा टक्. यात वायर नाही, लाइट नाही. सगळी ढकलाढकली.

माझी पहिली भीती वेगळीच होती. हॉर्नसाठी मी स्टीअरिंगचं चाक काढलं होतं. ते बसवताना अर्धा फेरा जरी इकडं तिकडं झालं, तरी उंचवटा भलत्या जागी जातो आणि टक् बंद. चाक काढण्याआधी मी छिन्नीनं खूण करतो. करतोच. पण त्या दिवशी केली होती का, हे आठवेना. नट काढला, चाक ओढलं. खूण होती आणि खुणेला खूण लागलेली होती. मला घाम आला होता तो पुसला.

उंचवटाही शाबूत होता. म्हणजे कुत्रं.

"कुत्र्याला काय झालंय बघतो," मी म्हणालो.

डॉक्टर पहिल्यांदा बॉनेट सोडून जवळ आले. "खात न्हाय का पीत न्हाय?" त्यांनी विचारलं. ताई हसल्या नाहीत.

खांबावरच्या कव्हरचे स्क्रू काढले. दोन फाकी वेगळ्या केल्या. आत सगळं गुलाबी होतं. डॉक्टर दर चैत्रात गाडी घेऊन जोतिबाला जातात. डोंगरावर गुलाल आणि खोबरं उधळतात, ते माणसांवर पडतं तसं उघड्या काचेतून गाडीतही पडतं. हा गुलाल मी हॉर्नच्या वेळीही बघितला होता. आता तो ग्रीसमध्ये मुरून मेणासारखा झाला होता. आणि कुत्र्याच्या जबड्यापुढं, बरोबर आडवा, सुक्या खोबऱ्याचा एक तुकडा बसला होता. कुत्र्याला तोंड बाहेर काढताच येत नव्हतं. उंचवटा यायचा आणि न शिवता निघून जायचा.

तुकडा मी ओळखला.

हॉर्नच्या वेळी तो कव्हरच्या तळाला सुटा पडलेला होता. कव्हर उघडलं तसा माझ्या मांडीवर पडला. कोल्हापुरात नवीन होतो तेव्हा एका जीपमधला गुलाल झाडून मी गटारात लोटला होता, आणि तात्या मला सगळ्या गल्लीसमोर बोलले होते. देवाचं हाय, पायाखाली टाकू नगंस, म्हणाले होते. ते डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळं डॉक्टरांच्या गाडीतला तो तुकडा मी टाकला नाही. डोळ्याला लावला आणि परत आत ठेवला. लिव्हरजवळ एक छानशी खाच होती, तिथं पुन्हा घरंगळू नये म्हणून नीट दाबून बसवला. वर ग्रीस होतंच.

ती खाच कुत्र्याची होती.

सगळे माझ्यामागं उभे होते, पण खांबाच्या आतलं फक्त मला दिसत होतं. तुकडा मुठीत घेऊन खिशात टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. कचरा होता, साफ केला, एवढं सांगून भागलं असतं. मी तसं ठरवलंही होतं, खोटं कशाला बोलू. तात्यांचं दुकान, वरची खोली, तीस वर्षांचं गिऱ्हाईक, सगळं डोळ्यापुढून गेलं.

पण मग ताईंनी विचारलं असतं, कचरा कधीपासून? आणि मी म्हणालो असतो, माहीत नाही. म्हणजे डॉक्टर हॉर्नपासून म्हणतात ते पुन्हा त्यांचं आपलं काहीतरीच ठरलं असतं.

मी तुकडा चिमटीत धरून बाहेर काढला.

"हे मी ठेवलं जी," मी म्हणालो. घाबरलो की माझं गावाकडचं जी बाहेर येतं. "हॉर्न केला त्या दिवशी. देवाचं म्हणून टाकलं नाही. डॉक्टर बरोबर सांगत होते."

तात्यांचं पान तोंडात अर्धं राहिलं. मग तात्या सावकाश म्हणाले की, काम करणारा माझा, दुकान माझं, त्या दूधवाल्याकडं मी जाऊन येतो. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी तुकडा हातात घेतला, उलटापालटा करून बघितला, म्हशीचा दात बघावा तसा. टोपी काढली आणि तुकडा कपाळाला लावला.

"पावणं," ते म्हणाले, "प्रसाद खायाचा असतो. ठेवायाचा न्हाय."

मी गुलाल रॉकेलनं धुतला, कुत्र्याला नवी स्प्रिंग दिली, पातळ तेलाचे दोन थेंब सोडले. कव्हर बसवलं, चाक खुणेवर बसवलं, नट आवळला. लिव्हर दाबला, चाक उजवीकडं फिरवलं, सरळ केलं. टक्.

ताईंचा त्यावर विश्वास बसला नाही. त्यांनी स्वतः गाडी घेतली, मला मागं बसवलं, डॉक्टरांना शेजारी. शाहूपुरीच्या गल्ल्यांतून आम्ही इतके कोपरे फिरलो की एक भाजीवाली हात हलवायला लागली. दर कोपऱ्यावर टक् व्हायचं. डॉक्टर समोर बघत होते. एकदाही ताईंकडं बघितलं नाही. पाचव्या का सहाव्या कोपऱ्यावर ताईंनी गाडी कडेला घेतली, उतरल्या आणि दुसऱ्या बाजूला आल्या.

"सरका," त्या म्हणाल्या.

डॉक्टर स्टीअरिंगपुढं सरकले. परत दुकानापर्यंत गाडी त्यांनीच आणली. निघताना ताईंनी एकच अट घातली, अंधार पडायच्या आत घरी. डॉक्टरांनी ती मान्य केली, कारण अंधारात त्यांना खरंच कमी दिसतं. तेही त्यांनी स्वतःहूनच सांगितलं.

दूधवाल्याकडं तात्यांबरोबर मी गेलो. कोपर बरं होत आलं होतं. त्याच्या मोटारसायकलचा मागचा डावा इंडिकेटर कधीचा बंद होता, तो तिथंच उकिडवं बसून जोडून दिला. येताना तात्या एवढंच म्हणाले, "समद्या दुनियेला काहून इचारतोस. त्या खोबऱ्याला का न्हाय इचारलंस?"

तेव्हापासून विचारतो. गाडीतून काही निघालं की ते तिथं काहून होतं हे कळल्याशिवाय स्क्रू लावत नाही. यात्रेनंतरच्या दिवसांत खोबरं हमखास निघतं. चांगलं असेल तर पुसून खातो. ग्रीस लागलं असेल तर तात्यांच्या तुळशीत ठेवतो. कव्हरच्या आत परत काही ठेवत नाही.